गरम पाण्याला गिऱ्हाईक

नवी मुंबईच्या महापे एमआयडीसीतल्या आमच्या डेटा सेंटरमध्ये नव्या हॉलची लोड टेस्ट, म्हणजे पूर्ण भार टाकून चाचणी, लागली ती ऐन मे महिन्यात. बाहेर ३४ अंश, वर दमट हवा. हॉल जीपीयूचा, म्हणजे जड गणितं करणाऱ्या चिपचा. एकेक चिप ७०० वॉटची, त्या बसवलेलं अख्खं कपाट, म्हणजे रॅक, ८० किलोवॉटचा. एवढी उष्णता पंख्यांनी काढायची तर कानठळ्या बसतात आणि तरी भागत नाही. म्हणून चिपच्या डोक्यावर तांब्याची कोल्ड प्लेट आणि तिच्यातून फिरणारं पाणी-ग्लायकॉलचं मिश्रण.

दुपारी एका रॅकचा फ्लो, म्हणजे पाण्याचा प्रवाह, घसरू लागला. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्यात १० अंशांचा फरक राखायला मिनिटाला साधारण १२० लिटर लागतात. आकडा निम्म्यावर आला आणि चिप आपोआप मंदावल्या. लीक सेन्सर गप्प, म्हणजे गळती नाही. आयटीवाले फर्मवेअर तपासत बसले, पंपवाला फोनवरून सेन्सरला दोष देत राहिला. आमचा पाइपिंगचा मिस्त्री एवढंच म्हणाला, "सर, आधी जाळी बघा."

त्या रॅकच्या तोंडाशी असलेला स्ट्रेनर, म्हणजे कचरा अडवणारी जाळी, उघडला. जाळीवर पांढरा लगदा! पाइपच्या आट्यांवर गुंडाळलेल्या टेफ्लॉन टेपचे तुकडे, सुरुवातीला पाइप धुताना (फ्लशिंगमध्ये) न निघालेले. कोल्ड प्लेटमधल्या खाचा जेमतेम केसाएवढ्या रुंद असतात. हे तिथवर पोचलं असतं तर प्लेटाच बदलाव्या लागल्या असत्या. या धंद्यात यापुढे प्लंबरचा पगार वाढवावा, असं माझं प्रामाणिक मत आहे.

जाळी धुतली, फ्लो परत आला. मिस्त्रीने परतीच्या पाइपला हात लावला आणि झटकन काढला.

"किती आहे?" त्याने विचारलं.

"पन्नासच्या आसपास."

"जातं कुठं हे?"

"गच्चीवरच्या ड्राय कूलरला, पंख्यांच्या रेडिएटरला. उष्णता हवेत."

"आणि शेजारचा कापड रंगवणारा डाइंगवाला पाणी तापवायला गॅस जाळतो."

म्यूनिकजवळ गार्खिंगच्या लायब्नित्स केंद्रात २०१२ पासून सुपरकॉम्प्युटरच्या गरम पाण्यावर ऑफिसं उबदार ठेवतात. डेन्मार्कच्या ओडेन्समध्ये मेटाच्या डेटा सेंटरची उष्णता हीट पंपाने चढवून शहरातल्या घरांना देतात. तिथला हिवाळाच मोठा गिऱ्हाईक. नवी मुंबईत घर कोण तापवणार?

पण डाइंग बारमाही चालतं. रात्री हिशेब मांडला. एक मेगावॉट उष्णतेत तासाला सुमारे ५७ हजार लिटर पाणी ३० वरून ४५ अंशांवर जातं. रंगाईला त्याहून बरंच गरम पाणी लागतं, त्यामुळे बॉयलर सुटत नाही. पहिली १५ अंशांची चढण मात्र फुकट. मध्ये हीट एक्स्चेंजर टाकला, म्हणजे पातळ पत्र्याआडून फक्त उष्णता पलीकडे देणारं यंत्र, की त्यांचं पाणी आमच्या पाण्यात मिसळायचाही प्रश्न नाही. खरी अडचण दोन प्लॉटांमधल्या रस्त्याची: तो खोदायची परवानगी, आणि आमचं लोड उतरून उष्णता कमी पडली तर त्यांनी काय करायचं.

वरिष्ठांना मेल टाकली. एका ओळीचं उत्तर आलं: पाइपचा खर्च कोणाचा? डाइंगवाल्यानेही नेमकं तेच विचारलं.

मिस्त्रीला सांगितलं तर तो म्हणाला, "रस्त्याची मापं तरी घेऊन ठेवतो."