इन्शुलिनच्या सुया, रिकामा कॅन आणि सोसायटीची एक सही

वापरलेल्या इन्शुलिनच्या सुया टाकायच्या कुठे, याची सोय मुंबईत आहे. ती मिळवताना मला खरा त्रास झाला तो आमच्याच सोसायटीच्या कमिटीचा, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

बाबांना इन्शुलिन सुरू झालं तेव्हा पेन कसं धरायचं, पोटावर कुठे टोचायचं, सगळं शिकवलं. वापरलेल्या सुईचं काय करायचं, हे कुणी सांगितलं नाही. शेजारी म्हणाले, कागदात गुंडाळून सुक्या कचऱ्यात टाका. ते मी करणार नव्हतेच. आमचा सुका कचरा मावशी कंपाउंडमध्ये ताडपत्रीवर ओतून हाताने निवडतात. हातमोजे दिलेत, पण ते घालून दुधाच्या पिशव्या सुट्या होत नाहीत, म्हणून मोजे कमरेला खोचलेले असतात. चार मिलिमीटरची सुई कागदातून आरपार येते, आणि रक्त लागलेल्या सुईतून हिपॅटायटिस बी, सी पसरू शकतो.

म्हणून कपडे धुण्याच्या लिक्विडचा जाड प्लास्टिकचा रिकामा कॅन घेतला, फिरकीच्या झाकणाचा. पाण्याची बाटली नको, ती पातळ असते. पेनाची सुई बाहेरचं मोठं टोपण लावून पिळून काढायची. आतलं बारीक टोपण परत लावायला जाऊ नका, तिथेच बोटाला टोचतं. कॅन पाऊण भरला की झाकण घट्ट लावून वर चिकटपट्टी, आणि मार्करने ठळक ‘वापरलेल्या सुया’.

हे काही माझ्या डोक्यातून आलेलं नाही. २०१६च्या घनकचरा नियमांत सुया, मुदत संपलेली औषधं, सीएफएल दिवे, वापरलेल्या बॅटऱ्या, रंगाचे डबे, फुटलेले थर्मामीटर हा ‘घरगुती घातक कचरा’ धरला होता आणि तो वेगळा द्यायचा होता. त्याच वर्षीचे जैववैद्यकीय, म्हणजे उपचारांतून निघणाऱ्या, कचऱ्याचे नियम घरच्या सुयांबद्दलही बोलतात: वेगळ्या पिशवीत किंवा डब्यात पालिकेच्या कर्मचाऱ्याकडे द्या. महापालिकेने २०२५मध्ये सॅनिटरी आणि विशेष काळजीचा घरगुती कचरा वेगळा न्यायची सेवा सुरू केली. मी ठरवलं, सोसायटीच्याच नावाने नोंदणी करू. बिल्डिंगमध्ये मधुमेहाचं घर आमचं एकटंच थोडंच आहे!

सेक्रेटरी म्हणाले, “ताई, तुमच्या घरचा प्रश्न, सोसायटीला कशाला मध्ये आणता?” मी नियमाचा कागद दाखवला. “मीटिंगमध्ये घेऊ.” मीटिंग पुढे गेली, कारण टाकी गळत होती. पुढच्या मीटिंगला पार्किंगवरून भांडणं झाली आणि माझा विषय ‘वेळेअभावी’ राहिला. शेवटी विषय निघाला तर एक काका म्हणाले, “जिन्याखाली सुयांचा डबा? पाहुणे काय म्हणतील, दवाखाना उघडलाय?” मग लिफ्टजवळ नको, मीटरच्या खोलीत नको, वॉचमनच्या केबिनमध्ये तर नकोच. कुणीतरी सुचवलं, सगळ्या सभासदांची लेखी संमती घ्या. पाण्याच्या टँकरसाठी कधी संमती घेतली नाही, सुयांसाठी मात्र हवी! आणि एवढ्या चर्चेत मावशींच्या हाताबद्दल एक शब्द कुणी काढला नाही. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे.

त्या रात्री लक्षात आलं की यांचं सगळं भांडण जागेचं आहे. सकाळी सेक्रेटरींना गाठलं. म्हटलं, सामाईक डबा नकोच. ज्याचा कॅन त्याच्या घरात राहील, गाडी येईल त्या दिवशी जो तो खाली आणून देईल. सोसायटीकडून फक्त सही हवी, पत्र मी टाइप करून आणलंय. उभ्या उभ्या सही झाली. नोंदणीला मग काहीच अडचण आली नाही. कमिटीकडे जाणार असाल तर जागा मागू नका आणि कागद तयार घेऊन जा.

राहिलंच: पाऱ्याचा थर्मामीटर फुटला तर पंखा बंद करा, खिडक्या उघडा, मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवा. झाडू नाही, व्हॅक्यूम क्लीनर तर अजिबात नाही, त्याने पारा हवेत उडतो. जाड पत्त्याने मणी एकत्र ढकलून ड्रॉपरने उचलायचे आणि झाकणाच्या बाटलीत भरायचे. सीएफएल आणि ट्यूबमध्येही पारा असतो, त्या न फोडता नव्या ट्यूबच्या खोक्यात घालून द्या. उरलेली अँटिबायोटिक बेसिनमध्ये ओतू नका.

पत्राबद्दल दुसऱ्या विंगमधूनही विचारणा झाली, म्हणून सांगते. तीनच वाक्यं होती: सोसायटी या सेवेसाठी नोंदणी करू इच्छिते; प्रत्येक घर आपला डबा बंद करून, नाव लिहून देईल; संपर्कासाठी अमुक सभासद. ‘अमुक’च्या जागी स्वतःचं नाव टाका, म्हणजे सेक्रेटरीला नाही म्हणायला कारण उरत नाही.