गाडीला कंट्रोलर, नेमाला माउस: प्रगतीची नोंद

एकाच गेममध्ये गाडी कंट्रोलरवर चालवायची आणि गोळीबार माउसवर करायचा, ही वाटणी एकदाची हातात बसली. गाडीतून उतरलं की कंट्रोलर मांडीवर, उजवा हात माउसवर, डावा कीबोर्डवर चालण्याच्या डब्ल्यूएएसडी या चार कीजवर. हात शिकतात हो, त्यांचं काही अडत नाही. अडतं ते गेमचं.

बहुतेक गेम धरून चालतात की खेळणाऱ्याच्या हातात एका वेळी एकच उपकरण असतं. शेवटचा इशारा ज्याच्याकडून आला, तो मालक. जीटीए ५च्या पीसी आवृत्तीत ही अदलाबदल इतकी सहज होते की आपलं लक्षही जात नाही. सध्या खेळतोय त्या गेममध्ये मात्र दार उघडायला गेलो की कोपऱ्यात कीबोर्डचं ‘ई’ दिसतं, लगेच कंट्रोलरचं ‘एक्स’, पुन्हा ‘ई’. आणि कंट्रोलर टेबलावर पडलेला, कुणी बोटही लावलेलं नाही!

कारण सापडलं: स्टिक ड्रिफ्ट. एक्सइनपुटमध्ये, म्हणजे विंडोजवर गेम ज्यातून कंट्रोलर वाचतात त्या मायक्रोसॉफ्टच्या सोयीत, अंगठ्याने हलवायच्या स्टिकच्या प्रत्येक अक्षाची किंमत -३२७६८ ते ३२७६७ अशी येते. जुनी, झिजलेली स्टिक सोडून दिली तरी नेमकी शून्यावर थांबत नाही, थोडी इकडेतिकडे हलत राहते. म्हणून मायक्रोसॉफ्टनेच डाव्या स्टिकसाठी ७८४९ आणि उजवीसाठी ८६८९ असा डेडझोन, म्हणजे मधला दुर्लक्ष करायचा पट्टा, सुचवलेला आहे; साधारण पाव भाग. चालताना हा डेडझोन हा गेम पाळतो, पात्र आपोआप सरकत नाही. पण ‘आता कंट्रोलर वापरात आहे का’ हे ठरवताना बहुधा कच्चाच आकडा बघत असावा. स्टीम इनपुटमध्ये, म्हणजे स्टीमच्या कंट्रोलर सेटिंगमध्ये, डेडझोन वाढवल्यावर चिन्हांचा नाच थांबला, त्यामुळे माझा संशय पक्का झाला. बारीक स्टिअरिंग थोडं गेलं, पण चालेल.

मग हौस म्हणून जायरो जोडला, म्हणजे कंट्रोलर कसा वळतोय ते ओळखणारा त्यातला सेन्सर. एक्सइनपुटमध्ये जायरोला जागाच नाही, त्यामुळे स्टीम इनपुटमधून त्याला माउस बनवावं लागतं. नेम काय सुरेख बसतो! पण डाव्या अंगठ्याने चालत मनगटाने नेम धरला की गेमला कंट्रोलर आणि माउस एकदमच हलताना दिसतात, आणि तोच तमाशा पुन्हा सुरू. वर प्रत्येक बदलाला क्षणभर पात्र अडखळतं. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात, ते या गेमने फारच मनावर घेतलंय.

जायरोला जॉयस्टिक बनवूनही पाहिलं. भांडण मिटलं, पण बारीक हालचाली गेमच्या डेडझोनमध्ये गिळल्या जातात आणि झटकन वळायला गेलं तर कॅमेऱ्याच्या कमाल वेगाची भिंत आडवी येते. मग जायरो कशाला लावायचा?

तिसरा मार्ग म्हणजे कंट्रोलरचं प्रत्येक बटण कीबोर्डच्या कीला जोडणं. गेमला वाटतं कंट्रोलर नाहीच, सगळं कीबोर्ड-माउस. चिन्हं स्थिर, नेम उत्तम. पण स्टिक डब्ल्यूएएसडी झाली की दिशा आठच उरतात आणि हळू चालणं संपतं. ट्रिगरच्या ० ते २५५ पायऱ्यांचं चालू-बंद होतं, म्हणजे गाडीचा ॲक्सिलरेटर एकतर पूर्ण दाबलेला, नाहीतर सोडलेला. शिवाय पडद्यावर ‘एफ’ दाबा असं येतं, आणि ‘एफ’ कुठल्या बटणावर ठेवलाय ते आठवेपर्यंत समोरचा गोळी घालून मोकळा.

म्हणून आता स्टीम इनपुटमध्ये दोन ॲक्शन सेट, म्हणजे बटणांच्या दोन वेगळ्या मांडण्या, केलेत. गाडीत बसलं की खरा कंट्रोलर, पायी असताना सगळ्या कीज आणि जायरोचा माउस. बदल कंट्रोलरच्या मागच्या एका पॅडलवर, म्हणजे जादा बटणावर, ठेवलाय. गाडीत शिरताना ते दाबायचं राहून जाऊ नये म्हणून शिरण्याच्याच बटणाला तो बांधता येतो का, ते चाचपतोय; अडचण एवढीच, की त्याच बटणाने दारंही उघडतात.