झिरो-शिकी: चेंडू अखेर सरळ फिरला!

जमलं! ‘द प्रिन्स ऑफ टेनिस’ या जपानी मालिकेतल्या तेझुकाच्या झिरो-शिकी ड्रॉप शॉटची अ‍ॅनिमेशन क्लिप मी हातानं काढतेय. तिच्यात जाळीपलीकडे टप्पा पडल्यावर चेंडू आता जाळीकडे घरंगळत येतो, आणि येताना योग्य दिशेनं फिरतो.

या मालिकेतले बाकीचे शॉट कितीही अचाट असोत, झिरो-शिकीला भौतिकशास्त्राचा आधार आहे, म्हणून तो मला सगळ्यांत प्रिय. बॅकस्पिन, म्हणजे मागच्या दिशेची फिरकी दिलेला चेंडू जाळी ओलांडताना ज्या दिशेनं गरगरतो, त्याच दिशेनं परत येतानाही गरगरतो. टप्प्यावर उलटते ती फक्त वाट. टायमिंग चार्टमध्ये, म्हणजे कुठलं चित्र कधी येणार त्या आराखड्यात, हे चोख बसलं होतं, तरी प्लेबॅकला चेंडूवरची पांढरी रेघ उलटी फिरायची.

फिरकी सेकंदाला १० फेरे. दोनावर काढलं, म्हणजे सेकंदाच्या २४ फ्रेममध्ये एकेक चित्र दोन फ्रेम ठेवून १२ चित्रं, तर दर चित्रात ३०० अंश. डोळा ते ६० अंश मागे असं वाचतो. सिनेमात गाडीची चाकं उलटी दिसतात तसंच. मग सगळं एकावर काढलं: २४ चित्रं, दर चित्राला १५० अंश. तरी उलटंच! डोकं भणभणलं. शेवटी खरा चेंडू बोटांत धरून फिरवला आणि उलगडलं. कॅमेरा बाजूनं असला की ती रेघ अर्ध्या फेऱ्यातच पुन्हा जशीच्या तशी दिसते! म्हणजे १५० अंश पुढे आणि ३० अंश मागे, डोळ्याला एकच.

मग वेगात असताना रेघ काढलीच नाही, नुसते पुसट पट्टे आणि कंपनीचा छापा. छापा या बाजूला एकच, त्यामुळे फिरकी सरळ वाचली जाते. सेकंदाला ६ फेरे म्हणजे दर चित्राला ९० अंश, अर्ध्या फेऱ्याच्या बरोबर निम्मे; घर्षणानं वेग त्याच्या बराच खाली आला की रेघ परत. काय देखणा दिसतो तो क्षण!

ओपनटूंझ या अ‍ॅनिमेशन सॉफ्टवेअरच्या एक्सशीटला, म्हणजे फ्रेमवार चित्रं मांडायच्या तक्त्याला, तोड नाही. ऑनलाइन मागवलेल्या स्वस्त लाइटबॉक्सचा (चित्र गिरवायच्या उजेडाच्या पाटीचा) उजेड मात्र कडांना विझतो. थोडे जास्त पैसे घाला.

पुढे मालिकेचा नायक र्‍योमा याची ट्विस्ट सर्व्ह घेणार होते. पण हे लिहितानाच सुचलं, तेझुका झोन, म्हणजे फिरकीमुळे समोरच्याचे चेंडू तेझुकाकडेच ओढले जातात तो डाव, वरून दाखवला तर? साइडस्पिनचा, म्हणजे आडव्या फिरकीचा, अक्ष थेट कॅमेऱ्याकडे येईल, म्हणजे छाप्याची युक्ती तिथेही चालेल. तर आधी झोनच, अंडर-१७ वर्ल्ड कपच्या सेमीफायनलमधला, जपानच्या युकिमुरासमोर जर्मनीकडून खेळणारा तेझुका. वरून कोर्टाचा लेआउट कुणी काढलाय का? २३.७७ मीटरची लांबी १६:९ च्या फ्रेममध्ये आडवी बसवलीत की तिरकी, तेवढं कळवा.