सेफ्टीच्या अलीकडे थांबलेला ठिपका

मार्च लागला की माझी एक जुनी वही कपाटातून बाहेर निघते. पानांवर उभ्या रेघा, प्रत्येक रकान्यावर एका चेकपॉइंटचं नाव : निकोलाय, मॅकग्रा, रूबी, गलेना, कालटॅग, उनालाक्लीट. अलास्कातली इडिटारॉड, म्हणजे कुत्र्यांनी ओढायच्या स्लेजची (बर्फावरच्या घसरगाडीची) शर्यत, मी वर्षानुवर्षं अशीच बघते. खरं तर बघते ते इंटरनेटवरच्या नकाशावर सरकणारे ठिपके. एकेका ठिपक्यात एक माणूस, एक स्लेज आणि डझनाहून जास्त कुत्रे, आणि शर्यत जिथे संपते त्या नोम गावापर्यंतचे सुमारे १६०० किलोमीटर.

ठिपका चालता असला की मला बरं वाटतं. थांबला की पोटात गोळा येतो. कारण अगदी साधं असू शकतं. मशर, म्हणजे स्लेज हाकणारा, कुत्र्यांच्या बुटी बदलत असेल. बुटी म्हणजे पंजावर चढवायची कापडी पिशवी, वर वेल्क्रोचा पट्टा. सोळा कुत्रे म्हणजे चौसष्ट पंजे. जाड हातमोज्यात तो पट्टा नीट ओढता येत नाही, म्हणून मोजा काढायचा, दोन-चार बुटी बांधायच्या, बोटं बधिर झाली की हात काखेत धरायचे आणि पुन्हा वाकायचं. हे सगळं नकाशावर दिसतं ते एक न हलणारा ठिपका म्हणून.

पण २०१४ च्या १० मार्चची रात्र मी विसरू शकत नाही.

त्या वर्षी सुरुवातच वाईट झाली होती. वाटेतल्या डॅलझेल घळीत बर्फ नव्हताच म्हणायचा. उघडी माती, दगड आणि निसरडा गोठलेला प्रवाह. स्लेज मोडल्या, माणसं जखमी झाली, कितीतरी जणांनी शर्यत सोडली. तरीही जेफ किंग पुढे होता. चार वेळा जिंकलेला माणूस. व्हाइट माउंटनच्या चेकपॉइंटला सगळ्यांनाच सक्तीची आठ तासांची विश्रांती असते. ती संपवून तो आधी निघाला, मागून तासाभराने अ‍ॅली झर्कल. माझा सगळा जीव अ‍ॅलीत. २०१२ मध्ये दुसरी, २०१३ मध्ये दुसरी. त्यांच्या मागे बराच दूर डॅलस सीवी, त्याच्याही मागे त्याचे वडील मिच.

व्हाइट माउंटनपासून सेफ्टी हा शेवटचा चेकपॉइंट ८८ किलोमीटर आणि सेफ्टीपासून नोम ३५. आकडे बघून वाटतं, संपलीच की शर्यत. पण टॉपकॉकच्या टेकड्या उतरून किनाऱ्याला लागलं की सॉलोमनचा पट्टा येतो. तिथले लोक त्याला ‘ब्लोहोल’ म्हणतात. आतल्या प्रदेशातली थंड, जड हवा नदीच्या खोऱ्यातून चेपली जाऊन समुद्राकडे सुटते. शेजारी वारा बेताचा असताना या पट्ट्यात माणूस उभा राहू शकत नाही. खाली गुळगुळीत बर्फ, त्यामुळे कुत्र्यांची नखं धरत नाहीत आणि रिकामी होत आलेली हलकी स्लेज आडवी सरकत जाते.

जेफचा ठिपका सेफ्टीच्या थोडा अलीकडे थांबला.

मी पान रिफ्रेश केलं. पुन्हा केलं. अ‍ॅलीचा ठिपका त्याच्याजवळ आला आणि पुढे निघून गेला. मला वाटलं, यंत्र बिघडलं असावं. नंतर कळलं की वाऱ्याने त्याची स्लेज वाटेवरून ढकलून वाहून आलेल्या ओंडक्यांत नेली होती, कुत्रे पुढे जाईनात, आणि त्या भिरभिरत्या बर्फात अ‍ॅलीला तो दिसलासुद्धा नाही. अखेर बर्फावरच्या मोटरगाडीवरून मदत मिळाली. तो सेफ्टीला पोचला, पण शर्यत तिथेच संपली. कुत्रे सुखरूप होते. माझ्यासाठी त्या रात्रीची सगळ्यात मोठी बातमी तीच.

अ‍ॅली सेफ्टीला पोचली तेव्हा ती पहिली होती. आणि ती थांबली. सुमारे अडीच तास.

यावर लोक अजून वाद घालतात. निघाली असती तर जिंकली असती, म्हणतात. मला हे बोलणं सहन होत नाही. ती नुकतीच त्या वाऱ्यातून आली होती, तिच्या कुत्र्यांनी तो सोसला होता, आणि पुढे काय आहे हे तिथे कोणालाच नीट दिसत नव्हतं. हो, १९८५ मध्ये लिबी रिडल्स शाक्टूलिकच्या चेकपॉइंटहून वादळात एकटी निघाली, गोठलेल्या समुद्रावर स्लेजच्या पिशवीत रात्र काढली आणि जिंकणारी पहिली स्त्री झाली. तिच्या धाडसापुढे मी हात जोडते. पण तिच्या गोष्टीची पट्टी करून दुसऱ्या बाईचा निर्णय मोजायचा, हे मला पटत नाही. २०२२ मध्ये याच किनाऱ्यावर वादळात सापडलेल्या काही मशरना शेवटच्या टप्प्यात शर्यत सोडावी लागली, तेव्हा मला अ‍ॅलीच आठवली.

डॅलस सेफ्टीला आला आणि जवळजवळ न थांबता निघाला. आपण तिसऱ्या जागेसाठी धावतोय, अशीच त्याची समजूत होती. थोड्या वेळाने अ‍ॅलीही निघाली. मागे दिसणारा हेडलॅम्प वडिलांचा, असं समजून तो स्लेजमागे धावत, धापा टाकत नोमच्या फ्रंट स्ट्रीटवर शिरला. कमानीखाली पोचल्यावर कोणीतरी सांगेपर्यंत आपण जिंकलोय हे त्याला माहीत नव्हतं. आठ दिवस, तेरा तास, चार मिनिटं, एकोणीस सेकंद.

तो हेडलॅम्प अ‍ॅलीचा होता. ती दोन मिनिटं बावीस सेकंदांनी आली.

वहीतलं ते पान अजून तसंच आहे. नोमच्या रकान्यात पहाटे ४:०४, खाली ४:०६. जेफच्या ओळीत सेफ्टीच्या चौकोनात मी पेन टेकवून ठेवलं होतं, वेळ लिहायची म्हणून. तिथे शाईचा मोठा डाग पडलाय.