जून ते सप्टेंबर : पाच कादंबऱ्या आणि तांदळाचं ताट

जूनच्या पहिल्या सोमवारी वहीत लिहिलं होतं, ‘गणपतीपर्यंत आठ’. आठ कादंबऱ्या; कुमारवयीनांसाठी लिहिलेल्या किंवा फँटसी, जमल्यास दोन्ही. गणपती होऊन गेले, सप्टेंबर संपत आला, आणि वहीतला हिशेब असा आहे : पाच पूर्ण, एक अर्ध्यात सोडली, एक हातात घेतली ती भाचीने पळवली. वाचनाची जागा नेहमीचीच. मुलुंडहून सकाळची, ठाण्याहून सुटणारी स्लो लोकल, लेडीज डबा. घाटकोपरपर्यंत बसून दहा-बारा पानं होतात. पुढे उभ्या असलेल्या बायकांना जागा द्यायची, मग एका हातात कडी आणि एका हातात पुस्तक. म्हणून यंदा मुद्दाम पातळ पुस्तकं जास्त घेतली, आणि त्याचा फायदाच झाला. ज्यांना कथानक आधी कळलेलं चालत नाही त्यांनी जपून वाचा, मी बरंच उघड केलं आहे.

जून महिना फिलिप रीव्ह यांच्या ‘मॉर्टल एंजिन्स’चा (२००१). फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर दीडशे रुपयांत मिळालं. या जगात शहरं चाकांवर चालतात. मोठं शहर लहान गावाचा पाठलाग करतं, त्याला जबड्यात ओढून घेतं आणि पोटात मोडून त्याचं लोखंड, लाकूड, इंधन वापरतं. सुरुवातीलाच लंडन एका छोट्या खाणगावाच्या मागे लागलेलं आहे, तेही कोरड्या पडलेल्या नॉर्थ सीच्या तळावरून. ही कल्पना मुंबईत राहणाऱ्याला समजावून सांगावी लागत नाही. सात बेटं जोडत, खाड्या बुजवत वाढलेलं आपलं शहर. त्यातले कोळीवाडे आणि गावठाणं अजून टॉवरांच्या मधोमध दिसतात, गिळलेली पण न पचलेली. पहिला अर्धा भाग मला फार आवडला. शेवटाकडे माणसं इतक्या भराभर मरतात की एकाचंही दुःख करायला उसंत मिळत नाही, ते खटकलं. पण हेस्टर शॉ ही मुलगी लक्षात राहते. तिच्या चेहऱ्यावर तलवारीचा वार आहे, एक डोळा गेलेला, नाक तुटलेलं, तोंड वाकडं झालेलं. आणि लेखक तो चेहरा पुस्तकभर तसाच ठेवतो, कुठल्या जादूने सुंदर करत नाही. २०१८च्या चित्रपटात तो व्रण अगदी सौम्य केला. मला तो बदल चुकीचा वाटतो. हेस्टरचा सगळा राग त्या चेहऱ्यातून येतो.

जुलैत ‘नॉर्दर्न लाइट्स’ (१९९५), फिलिप पुलमन, दुसऱ्यांदा. पहिल्यांदा कॉलेजात वाचलं तेव्हा चिलखत घातलेल्या अस्वलासाठी वाचलं होतं. यंदा ‘डीमन’साठी वाचलं. नायिका लायरा हिच्या जगात प्रत्येक माणसाचा आत्मा शरीराबाहेर, प्राण्याच्या रूपात, सोबत चालतो. लहान मुलांचे डीमन सतत रूप बदलतात, कधी दिव्यावर झेपावणारा पतंग, कधी मांजर; मूल मोठं झालं की एक रूप कायमचं ठरतं. आपल्या गोष्टींत राक्षसाचा प्राण सात समुद्रांपलीकडच्या पोपटात असतो आणि तो पोपट सापडू नये हीच राक्षसाची सगळी खटपट असते. इथे प्रत्येकाचा पोपट खांद्यावर बसलेला, सगळ्यांना दिसणारा. तेवढाच जपावा लागणारा.

या शब्दाला मराठीत काय म्हणावं यावर मी आठवडाभर अडले होते. राक्षस नाही, भूत नाही, ‘आत्मा’ फार जड. तेरा वर्षांच्या भाचीला विचारलं तर ती पटकन म्हणाली, “अगं मावशी, जीव म्हण ना. माझा जीव.” आणि सगळं जागच्या जागी बसलं. आपण जीव लावतो, जीव टाकतो, आपला जीव अडकतो. लायरा आणि तिचा पॅन्टालायमन एकमेकांपासून ठरावीक अंतरापेक्षा लांब गेले की दोघांनाही असह्य दुखतं. म्हणजे जीव तुटतो, शब्दशः. उत्तरेत मुलांना त्यांच्या डीमनपासून कापून वेगळं करतात. तसा एक मुलगा लायराला सापडतो, आणि त्याने डीमनच्या जागी एक सुकवलेला मासा उराशी धरलेला असतो. हे पान मी कुर्ल्याच्या आसपास वाचलं. पुस्तक मिटलं ते दादर गेल्यावरही उघडलं नाही.

तक्रार एकच. लायराजवळ छत्तीस चिन्हांचं सत्य सांगणारं यंत्र आहे आणि ते जरा जास्तच वेळेवर उत्तरं देतं. जिथे तिने चुकायला हवं होतं तिथेही काटा फिरतो आणि वाट सापडते.

‘हाऊल्स मूव्हिंग कॅसल’ (१९८६) दोन दिवसांत संपलं. जपानी दिग्दर्शक मियाझाकींचा २००४चा चित्रपट बऱ्याच जणांनी पाहिला असेल, पण डायना विन जोन्स यांचं पुस्तक वेगळं आहे, जास्त खट्याळ. चित्रपटातल्या युद्धाला पुस्तकात तेवढी जागाच नाही, आणि वाड्याच्या दाराचं एक उघडणं थेट आपल्या जगातल्या वेल्समध्ये आहे, कारण वाड्याचा मालक, जादूगार हाऊल, मूळचा तिथला. टोप्या शिवणारी सोफी तीन बहिणींतली थोरली, आणि थोरलीच्या नशिबी काही चांगलं नसतं हे तिने आधीच मान्य केलेलं. चेटकीण तिला म्हातारी करून टाकते. गंमत अशी की म्हातारी झाल्यावर सोफीला पहिल्यांदा मोकळेपणाने बोलता येतं. आमच्या डब्यात हे रोज दिसतं. विशीतली मुलगी धक्का खाऊन गप्प उभी राहते आणि साठीच्या काकू सगळ्या डब्याला शिस्त लावतात. पुढे हाऊल सोफीवरचा शाप उतरवायचा प्रयत्न करतो आणि तो उतरत नाही, कारण ती स्वतःच ते म्हातारपण धरून बसलेली असते. एवढी खोल गोष्ट इतक्या हलक्या हाताने सांगणारं दुसरं पुस्तक मला आठवत नाही.

अर्ध्यात सोडलेलं पुस्तक अलीकडचं, गाजलेलं, सातशे पानांच्या वरचं. दोनशेव्या पानावर थांबले. नायिकेला जादू येते, ती वापरली की शत्रू मरतात आणि तिला काहीच गमवावं लागत नाही. तिथे माझा रस संपला.

ऑगस्टमध्ये माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर अर्सुला ले ग्विन यांच्या ‘अर्थसी’ या फँटसी मालिकेचे पहिले दोन भाग एकत्र मिळाले आणि या चार महिन्यांच्या वाचनाचा सूर तिथे लागला.

‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ १९६८चं. गाँट बेटावरचा शेळ्या राखणारा मुलगा. आई लहानपणीच गेलेली. त्याला पहिले मंत्र शिकवते ती त्याची मावशी, गावातली चेटकीण. या जगात प्रत्येक गोष्टीचं एक खरं नाव आहे, आणि ते ज्याला कळलं त्याची त्या गोष्टीवर सत्ता चालते. म्हणून माणसं खरं नाव कुणाला सांगत नाहीत, रोजच्या वापराला दुसरं ठेवतात. मुलगा तेरा वर्षांचा होतो त्या दिवशी ती चेटकीण त्याचं आईने ठेवलेलं नाव काढून घेते. बिननावाचा, उघडा, तो थंडगार नदी चालत ओलांडतो आणि पलीकडे उभा असलेला जादूगार ओजियन त्याच्या कानात खरं नाव सांगतो, गेड.

हे मी भाचीला वाचून दाखवत होते. ती म्हणाली, “हे तर बारसं आहे.” बारसंच आहे. आपल्याकडे आत्या पाळण्यात वाकून कानात नाव सांगते, कुर्रर्र करते. पत्रिकेतलं जन्मनाव वेगळं, हाक मारायचं वेगळं. फरक एवढाच की आपण हे बाळ बाराव्या दिवसाचं असताना करतो, त्याला काही आठवत नाही. ले ग्विन ते तेराव्या वर्षी करतात, जेव्हा मुलाला नाव जाताना कळतं आणि येतानाही. गेड पुढे गर्वापायी एक सावली जगात सोडतो आणि तिच्यापासून पळत सुटतो. ती सावली कोण, तिचं नाव काय, हे कळतं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. पुस्तकात लढाई जवळजवळ नाहीच. शेवट दोन हाकांवर होतो, आणि दोन्ही हाकांत नाव एकच.

दुसरा भाग ‘द टूम्ब्स ऑफ अतुआन’, १९७१. माझ्या मते या यादीतलं हेच सगळ्यात मोठं पुस्तक, पानांनी सर्वांत लहान असलं तरी. टेनार नावाची मुलगी पाच वर्षांची असताना तिला घरातून नेतात, कारण जुनी महापुजारीण मेली त्या रात्री ती जन्मली. सहाव्या वर्षी विधी होतो आणि तिचं नाव संपतं. यापुढे ती आऱ्हा, म्हणजे गिळली गेलेली. वाळवंटातलं देऊळ, खाली जिथे दिवा न्यायला बंदी आहे अशी गुहा, आणि पलीकडचा चक्रव्यूह, जो ती अंधारात हात भिंतीला लावून, वळणं मोजत पाठ करते. गेड या पुस्तकात निम्म्याच्या आसपास येतो, आणि तेही चोर म्हणून. ती त्याला अंधारात कोंडते. त्याच्याकडे असलेलं सगळ्यात मोठं बळ शेवटी मंत्राचं ठरत नाही. तो तिला तिच्या नावाने हाक मारतो. टेनार.

काही वाचकांना हा भाग संथ वाटतो. मला ती संथ गती हवीच वाटते. चक्रव्यूहातली ती वळणं आपण टेनारबरोबर मोजली नसती तर उजेडाची किंमत कळली नसती. आणि ले ग्विन सुटकेलाही गोड करत नाहीत. बाहेर पडल्यावर टेनार आनंदाने नाचत नाही; रडते, गेडवर चिडते, एका क्षणी त्याच्यावर सुरा उगारण्यापर्यंत जाते. मोकळेपण हे तिला ओझं वाटतं, कारण तिला ते उचलायला कुणी शिकवलेलंच नाही.

रविवारी ही गोष्ट मी आईला मराठीत सांगितली. ती कोथिंबीर निवडत होती. विधीचा भाग आला तेव्हा तिचे हात थांबले. लग्नात तिचंही नाव बदललं होतं. परातीत तांदूळ पसरून त्यावर बाबांनी अंगठीने नवं नाव लिहिलं होतं. मी विचारलं, “तुला तेव्हा काय वाटलं गं?” म्हणाली, “सगळे हसत होते, मीही हसले. नंतर आठवडाभर कुणी हाक मारली की मी मागे वळून बघायची, कुणाला बोलावतायत म्हणून.” तिचं माहेरचं नाव आता फक्त तिची धाकटी बहीण घेते, फोनवर. ते मी इथे लिहीत नाही. ते तिचं आहे.

त्या रात्री वहीतल्या जुन्या नोंदी पुन्हा चाळल्या आणि दिसलं की यंदा मला जी पुस्तकं भावली त्यांत प्रत्येक मुलाकडून काहीतरी काढून घेतलं आहे. हेस्टरचा चेहरा, सोफीचं वय, सुका मासा धरलेल्या त्या पोराचा जीव, टेनारचं नाव. आणि प्रत्येक लेखकाने ते परत मिळतं की नाही याचं उत्तर प्रामाणिकपणे दिलं आहे, काहींनी ‘नाही’ असंही. सोडून दिलेल्या जाड पुस्तकात हेच नव्हतं.

ग्रंथालयात असं काही मराठीतून शोधायला गेले तर बालविभागातून एकदम मोठ्यांच्या कादंबऱ्यांशी यावं लागलं. मधल्या वयासाठी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे भेटला, पण तो धाडसाचा, अद्भुताचा नाही. आणि आपल्या अगदी सुरुवातीच्या कादंबऱ्यांत तर अद्भुताला मोठी जागा होती; ‘मुक्तामाला’ १८६१ची, ‘मंजुघोषा’ १८६८ची. ऑक्टोबरात ‘मंजुघोषा’ वाचायला घेणार आहे. भाषा जड जाईल, पण बघूया.

त्याआधी अर्थसीचा चौथा भाग, ‘तेहानू’. तिसऱ्यानंतर अठरा वर्षांनी, १९९०मध्ये आलेला. तिसरा मी अजून उघडलाही नाही, आणि भाचीने मधला सोडून थेट चौथा नेला. काल रात्री साडेदहाला तिचा फोन आला, आवाज चिडलेला.

“मावशी, टेनार आता म्हातारी होत आलीय. एका शेतकऱ्याशी लग्न करून राहिली होती, तो वारला. आणि गावात तिला सगळे गोहा म्हणतात. तिचं नाव पुन्हा बदललंय.”

मी म्हटलं, “पुढे वाच.”

“वाचतेय,” म्हणाली, “पण आजीला सांगू नकोस अजून.”