रेस खाली येईना!

आज कात्रज घाटात आमच्या जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाडीने घाम फोडला, पाय काढला तरी रेस खाली यायलाच तयार नाही! न्यूट्रल टाकली तर इंजिन नुसतं बोंबलायला लागलं, बोंबलू दे म्हटलं, ब्रेक मारत कडेला घेतली आणि मगच चावी फिरवली, कारण इंजिन बंद झालं की एक-दोनदा दाबल्यावर ब्रेक एकदम कडक होतो. मेकॅनिक दादांनी आधी अ‍ॅक्सिलरेटरची केबल सोडली आणि कार्ब्युरेटरमधला थ्रॉटल (रेस कमी-जास्त करणारी झडप) बोटाने उघडून सोडला, टक्कन मागे. म्हणजे कार्ब्युरेटर निर्दोष, भानगड केबलमध्ये. ओढून काढली तर पेडलकडच्या टोकाला एक तार तुटून केसासारखी बाहेर आलेली, तीच आऊटरमध्ये, म्हणजे केबलच्या बाहेरच्या नळीत, रुतत होती. ऑइल मारून भागेल का विचारलं तर दादा नुसते हसले. नवीन केबल टाकली, थोडा प्ले (ढिलेपणा) ठेवला. बायको म्हणतेय विकून टाक आता, बघू 😅