‘तरी’ म्हणणाऱ्यांची सभा

आमच्या चर्चच्या मंडळीत दरवर्षी साक्षसभा होते; आपल्या आयुष्यात काय घडलं आणि त्यात देव कसा भेटला हे लोक तिथे सांगतात, तीच साक्ष. सभेचा पहिला पाऊण तास छापील पत्रिकेबरहुकूम जातो. प्रारंभीची प्रार्थना, स्वागत, पाहुण्यांची ओळख, सेक्रेटरींचा अहवाल, खजिनदारांचे आकडे, मंजुरीचे हात. त्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की अहवाल वर्षागणिक लांबत चाललाय आणि माईकपेक्षा पंख्यांचा आवाज मोठा असतो. सभा खरी सुरू होते ती पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, व्यासपीठावरची उंच पाठीची खुर्ची बाजूला सारून पुढे साधं स्टूल ठेवायला सांगतात तेव्हा. साक्ष देणारा उभा राहत नाही, स्टुलावर बसतो. उभा राहिला की माणूस भाषण ठोकतो, बसला की बोलतो. एवढा साधा हिशोब आहे त्यामागे.

साक्ष सात मिनिटांची. त्यासाठी दोन आठवडे आधी मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडील मंडळातले एक जण आणि महिला मंडळातल्या एक बाई त्या घरी जाऊन सगळं ऐकून घेतात. तीनच गोष्टी विचारतात: काय घडलं, त्या दिवसांत देवाशी काय बोललात, आणि आज कुठे आहात. ‘यातून काय शिकलात’ हे विचारायचं नाही, असं ठरलेलं आहे. ते विचारलं की माणूस लगेच उपदेशाच्या सुरात जातो आणि खरं बोलणं तिथेच आटतं.

साक्ष बिघडते कशाने, याचाही आता अंदाज आलाय. पहिलं म्हणजे ‘मी’. मी उपास केला, मी रात्रभर गुडघ्यांवर होतो, माझा विश्वास डळमळला नाही. देवाचं नाव घेत घेत स्वतःचीच आरती. दुसरं, घरातल्याची चव्हाट्यावर चर्चा: आई मुलाच्या दारूबद्दल सांगत असते आणि मुलगा तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसलेला असतो. त्याची परवानगी घेतल्याशिवाय ते बोलायचं नाही, हा नियम तेव्हापासूनचा. तिसरं, आजारपणाच्या साक्षीत ‘गोळ्या बंद केल्या’ हे अभिमानाने सांगणं. डॉक्टरांनी बंद केल्या असतील तर तसं सांगावं, नाहीतर ते वाक्य गाळावं. ऐकणाऱ्यांत बीपीचे आणि साखरेचे पेशंट कमी नसतात, आणि एखादी साक्ष ऐकून कुणी इन्सुलिन सोडलं तर त्याला विश्वास म्हणता येणार नाही. चौथी चूक सगळ्यांत गोड असते. दुखणं चालूच असताना ‘आता सगळं छान आहे’ म्हणून गाठ मारून टाकणं.

या चौथ्या चुकीवर उतारा म्हणून साक्षींच्या आधी बायबलमधल्या हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय वाचतात. शेवटच्या ओळींत संदेष्टा एकेक नुकसान मोजत जातो: अंजिराला फूल नाही, द्राक्षीला फळ नाही, जैतून फसला, शेतात धान्य नाही, मेंढवाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत. सहाच्या सहा गेली. आणि मग मराठीत एकच छोटा शब्द येतो, ‘तरी’. वाचणाऱ्याने तिथे श्वासभर थांबायचं, असं संडे स्कूलच्या बाई मुलांना शिकवतात. दानीएलाच्या तिसऱ्या अध्यायात शद्रख, मेशख आणि अबेद्‌नगो राजाच्या मूर्तीपुढे वाकायला नकार दिला म्हणून पेटत्या भट्टीसमोर उभे राहून तेच म्हणतात. आमचा देव सोडवू शकतो, आणि त्याने नाही सोडवलं तरी. ही वाक्यं म्हणताना ते भट्टीतून बाहेर आलेले नव्हते, अजून आत गेलेलेही नव्हते. सुटून आल्यावरचा आनंद कुणालाही कळतो. मंडळीला गहिवर येतो तो सुटण्याआधीच्या वाक्यांनी.

एका वर्षी स्टुलावर बसलेल्या गृहस्थांची नोकरी जाऊन चौदा महिने झाले होते. त्यांनी सात मिनिटांतली तीनच वापरली. म्हणाले, “नोकरी अजून नाही. घर मुलगी चालवते. पहिल्या महिन्यांत तिच्याकडून पैसे घ्यायला हात पुढे होत नव्हता. मग ती टेबलावर ठेवून जायची. आता हातात घेतो. एवढंच आहे.” आणि उठले. पेटीवाल्या काकांनी भाता धरला होता, पण सूर दिला नाही. ही त्यांची जुनी सवय. अशा साक्षीनंतर ते गीत लगेच सुरू करत नाहीत. टाळ्यांनाही वाव राहत नाही. तेव्हा मागच्या रांगेत कुणाचं तरी नाक ओढल्याचा आवाज तेवढा आला. नम्रतेवर त्या दिवशी एक उपदेशही झाला होता, बराच लांब. तो कुणाला आठवत नाही.

स्तोत्रांच्या निवडीवरून मात्र कमिटीत दरवर्षी वाद. तेरावं स्तोत्र सगळ्यांना चालतं. पहिल्या दोन वचनांत चार वेळा ‘किती काळ’ असं विचारून झालं तरी शेवटी गाणं येतं. तरुण संघाला हवं असतं अठ्ठ्याऐंशीवं. त्याचा शेवट अंधारातच होतो, दिलासा देणारं एकही वचन शेवटी येत नाही. ‘सभेला आलेल्यांना उदास करायचं का?’ असा आक्षेप येतो. पण ते स्तोत्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्येच, आहे आणि देवालाच उद्देशून आहे. ज्याच्या तोंडून सध्या स्तुती निघत नाही, त्यालाही प्रार्थनेत जागा आहे हे त्याला त्याशिवाय कसं कळावं? तीन वर्षं आक्षेपवाले जिंकले, मग तरुण संघ. ज्यांनी आक्षेप घेतला होता त्यांच्यापैकी दोघे त्या वर्षी सभेला आलेच नाहीत, हेही इथे नोंदवून ठेवावंसं वाटतं.

अहवालांत ऐकण्यासारखा एकच, भेटी देणाऱ्यांचा. बायबलमधल्या दुःखात बुडालेल्या ईयोबाच्या मित्रांपासून त्यांनी दोन्ही धडे घेतलेत. ते मित्र सात दिवस, सात रात्री जमिनीवर गप्प बसले तोवर ठीक होतं. तोंड उघडलं आणि बिघडलं. म्हणून दुःखाच्या घरी दोघांनीच जायचं, वीस मिनिटं बसायचं, ‘देवाची इच्छा’ हे शब्द उच्चारायचे नाहीत, एक स्तोत्र वाचून निघायचं. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. म्हणून पहिल्या भेटीत डबा, दुसऱ्या भेटीत बिलांच्या रांगेत उभं राहायला माणूस, आणि बोलणं जमलं तर तिसऱ्या भेटीत. सगळ्यांत महत्त्वाची भेट चौथ्या आठवड्यातली, कारण तोवर नातेवाईक परतलेले असतात आणि फोन थांबलेले असतात. या तारखा वहीत आधीच लिहून ठेवतात. स्मरणशक्तीवर सोडलं की हमखास राहून जातं.

मदतपेटीचंही तसंच. दोघांनी मिळून उघडायची, दोघांनी वेगवेगळं मोजायचं, आकडा जुळला की सही. कुणाला किती गेलं हे पाळकसाहेब आणि एक वडील सोडून तिसऱ्याला कळत नाही. पाकीट कोरं, मंडळीचं नाव छापलेलं नाही. एका वर्षी उत्साहाच्या भरात चेक देतानाचा फोटो काढला गेला. घेणाऱ्या बाई त्यानंतर कित्येक रविवार मागच्या दाराने येत होत्या. तेव्हापासून फोटो बंद.

तरुण संघ दरवर्षी एक चरित्र वाचतो. पंडिता रमाबाईंचं सर्वांत जास्त वेळा वाचलं गेलंय, आणि कंटाळा येत नाही. 1882 मध्ये पती गेले तेव्हा लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती आणि कडेवर लहानगी मनोरमा होती. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी शेकडो मुली केडगावला आणल्या. संस्कृतातली ही पंडिता शास्त्राचं भाषांतर करायला बसली ती सोपं मराठी धरून, कमी शिकलेल्या बायकांनाही कळावं म्हणून. 1921 मध्ये मनोरमा गेली, आणि 5 एप्रिल 1922 ला त्या स्वतः. संपूर्ण भाषांतर छापून आलं 1924 मध्ये. वाचणाऱ्या मुलीला एवढीच सूचना असते, की आवाज चढवायचा नाही. तारखाच पुरेशा आहेत.

शेवटी पाय धुणं. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुतो, तिथे क्रियापदं एकामागून एक येतात: उठला, वस्त्रं काढून ठेवली, रुमाल घेतला, कंबरेला बांधला, गंगाळात पाणी ओतलं, पाय धुतले, पुसले. आमच्याकडेही याच क्रमाने. पूर्वी ज्याला त्याला पाळकसाहेबांचेच पाय धुवायचे असायचे आणि त्यांच्या खुर्चीपुढे रांग लागायची. म्हणून चिठ्ठ्या आल्या. उचलतात संडे स्कूलची मुलं, त्यामुळे वशिला चालत नाही. पाणी कोमट, आणि ते कोपर बुडवून तपासायचं. साखर असलेल्या पुष्कळांच्या पायांना गरम कळत नाही, ते ‘ठीक आहे’ म्हणतात आणि चटका बसतो. अशा पायांना चोळायचं नाही, बोटांमधली जागा टिपून कोरडी करायची. प्रत्येकाला वेगळा टॉवेल, प्रत्येक वेळी नवीन पाणी. धुणाऱ्याचे गुडघे वाकत नसतील तर बुटका पाट.

धुवायला सगळे तयार असतात. अडतं ते धुवून घेण्यात. काही जण आधीच नळावर जाऊन पाय घासून येतात. भेगा पडलेल्या टाचा पदराखाली, पँटखाली सरकतात. येशूचा शिष्य पेत्रही ‘माझे पाय कधीच नाही’ म्हणाला होता. आणि त्याच संध्याकाळी येशूला दगा देणाऱ्या यहूदा इस्कर्योताचे पायही धुतले गेले होते. तो बाहेर पडला त्यानंतर. ज्यांचं वर्षभर एकमेकांशी बोलणं नाही अशा दोघांची चिठ्ठी निघते तेव्हा हे वाक्य कुणीतरी पुटपुटतंच.

हजेरीबद्दल न लिहिणं बरं, तरी लिहितो. जेवणाला दोनशे, साक्षींना सव्वाशे, पाय धुण्याला साठ. गाड्या काढायची घाई असणाऱ्यांत पदाधिकारीही असतात.

राबणाऱ्यांची नावं छापलेली आवडत नाहीत त्यांना, पण कुणी सुटू नये. टॉवेल धुऊन, इस्त्री करून, मोजून आणणाऱ्या मावशी. पेटीवाले काका आणि त्यांना पानं उलटून देणारी नात. माईकची वायर दरवर्षी तिथेच तुटते आणि दरवर्षी तिथेच जोडणारा तरुण. खुर्च्या मोजून घेणारे आणि परत मोजून देणारे दोघे भाऊ. चिठ्ठ्या कापणाऱ्या संडे स्कूलच्या बाई. चौथ्या आठवड्याची वही सांभाळणारे निवृत्त मास्तर. पाणी तापवणाऱ्या, म्हणून एकही साक्ष पूर्ण ऐकायला न मिळालेल्या तिघीजणी. व्हीलचेअर उचलून पायऱ्या चढवणारे चौघे, त्यात एक जण मंडळीचा नाही, शेजारच्या दुकानातला आहे. आणि गंगाळं ओतून, घासून, पालथी घालून सगळ्यात शेवटी दिवे मालवणारा शिपाई. गेल्या वर्षी त्याची चिठ्ठी टाकायचीच राहिली होती. यंदा बाईंनी ती सर्वांत आधी कापून ठेवली आहे.